दांडा स्प्रिंगचा, हवा खारी: सस्पेन्शन सीटपोस्ट कशी निवडावी

सायकलच्या सीटखालचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, काढून स्प्रिंगचा घालायच्या आधी मागच्या चाकातली हवा बघा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, पण पंक्चरवाला तिथपर्यंत पोचल्याशिवाय नळी काढत नाही. गिऱ्हाईकही अंगठा दाबून बघतं आणि टायर टणक लागला की खूश होतं. टायर ३८ मिलिमीटर रुंद आणि माणूस साठ-पासष्ट किलोचा असेल तर मागे ४५ पीएसआयच्या आसपास हवा पुष्कळ झाली. एकदम उतरवू नका. पाच-पाच पीएसआयने खाली या आणि रोजच्या रस्त्यावर चालवून बघा. फारच खाली गेलात तर खड्ड्याच्या कडेवर रिम आपटते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ती दिसली की थोडं वर यायचं. फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ चा टायर काढून ३८ किंवा ४० चा घाला. एवढ्यानेच पुष्कळांचं दुखणं थांबतं आणि माझ्याकडे येणारं एक माणूस कमी होतं. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण माझा धंदा सायकलीचा नाहीच.

माझं रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळ शृंगारतळीला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पंखे, मिक्सर, लग्नसराईत ग्राइंडर. उन्हाळ्यात वाडीला शिंपणं चालू असतं तेव्हा जळालेल्या मोटरी दारात येऊन पडतात आणि सगळ्यांनाच ‘आज संध्याकाळपर्यंत’ हव्या असतात. दुकानात व्हर्निअर आहे, बेअरिंग ओढायचा पुलर आहे, व्हाइस आहे, तीन-चार जातींची ग्रीस आहे. म्हणून गुहागरपासून हेदवीपर्यंतचे सायकलवाले सीटचा दांडा काखेत मारून माझ्याकडे येतात. मी स्वतः रविवारी सकाळी सायकल काढतो. पालशेत, अडूर, वेळणेश्वर करत हेदवी, आणि पायात जोर असला तर पुढे तवसाळच्या जेटीपर्यंत. कंबर कुरकुरायला लागल्यापासून माझ्याही सायकलीला स्प्रिंगचा दांडा आहे.

दांडा काय करतो, काय नाही

सस्पेन्शन सीटपोस्टने आराम मिळतो तो बुडाला आणि कमरेला. मनगटं, खांदे यांना तिचा काही उपयोग नाही. त्यामुळे ताठ बसून चालवायची हायब्रीड किंवा बॅटरीवरची सायकल असेल तर फरक जास्त कळतो, कारण अंगाचा बहुतेक भार सीटवरच असतो. वाकून चालवायच्या रेसरवर बराच भार हातांवर जातो, तिथे फायदा कमी. आणि पेडलवर उभं राहिलात की दांडा असून नसल्यासारखा.

रस्त्याचा त्रास दोन जातींचा असतो. बारीक थरथर, म्हणजे खडी उघडी पडलेलं डांबर किंवा काँक्रीटवर ओढलेल्या रेघा. ती टायर खातो. दुसरा सणसणीत दणका. आमच्या बाजूला तो कुठे कुठे बसतो याची यादी तोंडपाठ आहे: प्रत्येक वाडीच्या तोंडाशी रंग उडालेला गतिरोधक, मोरीवरचा सांधा, पावसात डांबराचा थर सोलून गेलेली जागा आणि चिऱ्याच्या डंपरांनी खचवलेली रस्त्याची कड. हे टायरच्या आवाक्याबाहेरचं आहे आणि इथे दांडा कामाला येतो. घरांमधून समुद्राकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाडीवर दोन्ही जातींचा त्रास एकदम होतो. तिथे टायर आणि दांडा दोन्ही लागतात, किंवा सरळ उतरून चालत जावं.

मोठा खड्डा समोर दिसत असेल तर पेडलवर उभं राहायचं, कितीही भारी दांडा असला तरी. दांडा आहे तो न दिसलेल्या खड्ड्यासाठी.

मणक्याची गादी सरकली असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. दांड्याला औषध समजून विकत घेणारे लोक मी पाहिलेत.

तीन जाती

पहिली जात नळीत नळी. बाहेरून साध्या दांड्यासारखीच दिसते, वर घड्यांचं एक रबरी आवरण, म्हणजे बेलो असतो आणि आत स्प्रिंग. बसलात की वरची नळी खालच्या नळीत सरकते. स्वस्त, सुटसुटीत, चिपळूणच्या दुकानातही मिळून जाईल. अडचण तिच्या कोनात आहे. सायकलची सीट ट्यूब, म्हणजे दांडा जिच्यात बसतो ती फ्रेमची नळी, उभी नसते, जमिनीशी साधारण ७३ अंश करून मागे कललेली असते. अंगाचा भार सरळ खाली येतो आणि नळीला सरकायचं असतं तिरपं. म्हणजे प्रत्येक वेळी नळी बुशवर, म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या कड्यावर, एका बाजूने घासत जाते. बारीक दणक्याला ती हलतच नाही, मोठ्या दणक्याला एकदम बसते. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण जसा हिसका दिल्याशिवाय उघडत नाही, तसलाच प्रकार. शिवाय सीट खाली गेली की पेडल आणि सीट यांतलं अंतर कमी होतं, त्यामुळे उखडलेल्या रस्त्यावर गुडघ्यांना क्षणाक्षणाला वेगळी उंची मिळते.

दुसरी जात चार सांध्यांची. सीटच्या खाली दोन पट्ट्या समांतर जोडलेल्या असतात आणि सीट सरळ खाली न जाता मागे आणि खाली अशी कमानीत जाते. पेडलपासूनचं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून पाय मारताना हेलकावा कमी जाणवतो. सांधे फिरतात, घासत सरकत नाहीत, त्यामुळे छोट्या दणक्यालाही ती दबते. केन क्रीकची थडबस्टर, एसआर सनटूरची एनसीएक्स, रेडशिफ्टची शॉकस्टॉप, जर्मनीची बाय.शुल्झ या सगळ्या याच घराण्यातल्या, प्रत्येकीची मांडणी थोडी वेगळी. थडबस्टरमध्ये स्प्रिंगऐवजी रबराचा गट्टू असतो, ज्याला इलॅस्टोमर म्हणतात. एनसीएक्स आणि शॉकस्टॉपमध्ये दांड्याच्या पोटात पोलादी स्प्रिंग. सीट किती मिलिमीटर दबू शकते तेही वेगवेगळं: शॉकस्टॉप ३५, एनसीएक्स ५०, थडबस्टरची छोटी ५० आणि मोठी ९०.

मोठा आकडा बघून हुरळून जायचं कारण नाही. ९० मिलिमीटर हे दगडधोंड्यांच्या वाटेसाठी, किंवा दोघांच्या जोडसायकलीच्या मागच्या सीटसाठी, जिथे बसणाऱ्याला खड्डा दिसतच नाही. डांबरी रस्ता आणि मधूनमधून पाखाडी एवढ्यासाठी ३५ ते ५० पुरे.

तिसरी जात वाकणारी. कार्बनचा दांडा, त्यात काहींना पातळ पट्ट्यांसारखे दोन थर. स्प्रिंग नाही, सांधा नाही, गंजायला फारसं काही नाही. थरथर छान मारते, मोठ्या दणक्याला मात्र तिचा आवाका थोडका. वजनाने हलकी सायकल आणि वाकून चालवणारा माणूस असेल तर हीच घ्यावी.

आणि एक चौथी जात, जी कुणी मोजत नाही. जुन्या काळ्या सायकलींची चामडी सीट, खाली दोन गलेलठ्ठ स्प्रिंगा. तसली सायकल घरात असेल आणि चालत असेल तर दांड्यावर एक पैसा घालू नका.

माप घेतल्याशिवाय मागवू नका

आमच्याकडे दुकानात जाऊन चार दांडे लावून बघायची सोय नाही. कुरिअरने येतो आणि परत पाठवायचा तर चिपळूणला एक खेप. म्हणून आधी दोन-तीन मापं.

पहिलं माप व्यासाचं. दांडा आवळून धरणारा क्लॅम्प सैल करून आत्ताचा दांडा पूर्ण बाहेर काढा, पुसा आणि तळाच्या बाजूला बघा. बहुतेकांवर आकडा ठोकलेला असतो: २७.२, ३०.९, ३१.६ हे नेहमीचे. साध्या सायकलींवर २५.४ किंवा २८.६ ही सापडतो. आकडा दिसत नसेल तर व्हर्निअरने मोजायचं, फूटपट्टीने नाही, कारण दांड्यांची मापं दोन दशांश मिलिमीटरच्या फरकाने येतात.

पालशेतला शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मध्यंतरी दुकानात आल्या, हातात मोबाइल.

‘दादा, माझा दांडा २७ चा आहे आणि ह्यात २७.२ लिहिलंय. एवढ्या फरकाने काय होतंय? ठोकून बसवू.’

‘बाई, ठोकून बसवाल, पण मग तो दांडा त्या सायकलीतच राहणार. काढायला हॅकसॉ लागेल.’

उलट बाजूही तशीच. ट्यूबपेक्षा दांडा बारीक असेल आणि नुसता क्लॅम्प आवळून भागवलं, तर सीट खाली घसरत राहते आणि एक दिवस सीट ट्यूबच्या वरच्या फटीजवळचा कान तुटतो. बारीक दांडा जाड ट्यूबमध्ये बसवायचा असेल तर मधे घालायला अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी, म्हणजे शिम मिळते, ती नेमक्या मापाची घ्या. २७.२ चा दांडा शिम लावून ३०.९ किंवा ३१.६ मध्ये व्यवस्थित चालतो. पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून घालू नका, खाऱ्या हवेत ती आतल्या आत कुजते.

दुसरं माप जागेचं, आणि लोक हेच विसरतात. सायकल आपल्या उंचीला लावलेली असताना क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सीटच्या तारांपर्यंत, म्हणजे सीटखालच्या त्या दोन रेल्सपर्यंत किती सेंटिमीटर दांडा उघडा दिसतो ते मोजा. चार सांध्यांच्या यंत्रणेला तेवढी जागा लागते. साधारण नऊ ते बारा सेंटिमीटर, लांब दबणाऱ्यांना त्याहून बरीच जास्त. प्रत्येकीच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो. बाईंच्या सायकलीला मोजली तर जेमतेम साडेसात. फ्रेम त्यांच्या उंचीला थोडी मोठी आहे, दांडा जवळजवळ पूर्ण आत गेलेला. मग मी त्यांना दांडा नको म्हटलं. चाळीसचे टायर घातले, हवा उतरवली, सीट थोडी रुंद घेतली. आता त्या खूश आहेत, आणि दांड्याचे पैसे वाचले ते वेगळेच.

‘खालून थोडा कापला तर?’ हा प्रश्न येतोच. साधा दांडा खालून कापता येतो. स्प्रिंगच्या दांड्यात तळाला स्प्रिंग दाबून धरणारी टोपी असते, तो कापायचा नाही.

उलट उंच माणसाने लांबी बघावी. दांड्यावर कोरलेली कमाल उंचीची रेघ क्लॅम्पच्या आत राहिलीच पाहिजे. वर आलेल्या रेघेवर बसणं म्हणजे फ्रेमला चिरा पाडायला घेणं.

सीटच्या रेल्स गोल, ७ मिलिमीटरच्या असतील तर काही बघायला नको. कार्बनच्या चपट्या रेल्स असतील तर वरची पकड चालते का ते विचारून घ्या.

वजन आणि स्प्रिंग

माझा भाचा पंच्याण्णव किलोचा. त्याने कुणाचं तरी ऐकून दांडा घेतला आणि पहिल्याच गतिरोधकाला सीट तळाला जाऊन ठणकली. दांडा वाईट नव्हता, स्प्रिंग त्याच्या वजनाची नव्हती. चांगल्या दांड्यांना नरम-कडक अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा किंवा गट्टू मिळतात, वजनानुसार तक्ता दिलेला असतो. तक्त्यात आपलं वजन बघताना कपडे, बूट आणि पाठीवरच्या पिशवीसकट बघा. दोन खान्यांच्या सीमेवर असाल तर ताठ बसणाऱ्याने कडक घ्यावी, वाकून चालवणाऱ्याने नरम. दांड्याची वजनाची कमाल मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. नसेल लिहिलेली तर तो दांडा मोठ्या माणसाने घेऊ नये.

इलॅस्टोमरबद्दल एक गोष्ट. रबर थंडीत ताठरतं, उन्हात मऊ पडतं. इथल्या उकाड्यात ते तक्त्यापेक्षा किंचित नरमच लागतं, म्हणून सीमेवर असाल तर वरच्या खान्यातलं घ्या.

स्प्रिंग बरोबर आहे का ते मोजता येतं. नुसतं बसल्यावर, हलता न डोलता, एकूण दबण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी सीट खाली गेली पाहिजे. ५० मिलिमीटरचा दांडा असेल तर दहा, ३५ चा असेल तर सात. नळीवाल्या दांड्यावर हे मोजणं सोपं आहे. रबरी बेलो वर सरकवा, आतल्या चकचकीत नळीला एक बारीक केबल टाय गुंडाळा, फार आवळू नका, आणि तो खाली बाहेरच्या नळीच्या कडेला टेकवून ठेवा. कुणाला तरी हँडल धरायला सांगा, हळूच बसा, दोन्ही पाय पेडलवर ठेवा, हळूच उतरा. नळी आत गेली तेवढा टाय वर ढकलला गेलेला असतो; कडेपासून टायपर्यंतचं अंतर मोजा. चार सांध्यांच्या दांड्याला टाय लावायला जागा नसते, तिथे दुसऱ्या माणसाने रेलपासून क्लॅम्पपर्यंत आधी आणि बसल्यावर अशी दोनदा टेप धरायची.

कमी दबत असेल तर तळाची टोपी अ‍ॅलन कीने सैल करा, जास्त दबत असेल तर आवळा. ह्याला प्रीलोड म्हणतात. टोपी सैल करताना ती नळीच्या कडेच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर तिचे आटे सगळा भार घेतात आणि निखळतात. पूर्ण आवळूनही सीट फार दबत असेल तर प्रीलोडने भागणार नाही, स्प्रिंगच बदलायची. भाच्याला कडक स्प्रिंग मागवून दिली. आता मामाला फोन येतो तो टायरचा, दांड्याचा नाही.

खोलता येतो का

मी दांडा निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. पुण्याच्या माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. आमच्याकडे खिडकीच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत गंजतात, तिथे सीटखालची स्प्रिंग कशी सुटेल?

असगोलीचे एक गृहस्थ नळीवाला दांडा घेऊन आले. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सायकल ओटीवर उभी. तक्रार अशी की स्प्रिंग ‘मेली’. खाली वर्तमानपत्र पसरलं, दांडा व्हाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांत धरला आणि तळाची टोपी फिरवली. दोन आटे सुटल्यावर चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. टोपी निघाली पण स्प्रिंग येईना. ग्रीसचा गंजाच्या पुडीशी काला होऊन ती भिंतीला चिकटून बसली होती. पक्कडीने ओढली तेव्हा वरचे दोन वेढे एकमेकांना जोडले गेलेले, मधला खरवडल्यासारखा बारीक झालेला. नळीच्या आत पांढरी भुकटी, अ‍ॅल्युमिनियमची. प्लॅस्टिकचा बुश एका बाजूने सपाट घासलेला, दुसऱ्या बाजूने नवाकोरा. भार तिरपा पडतो म्हणून वर सांगितलं ते इथे डोळ्यांनी दिसतं. स्प्रिंग मेली नव्हती, अडकली होती. साफ करून बसवली तरी ती फार काळ टिकणार नव्हती, आणि त्या दांड्याची सुटी स्प्रिंग बाजारात मिळत नाही. सगळाच्या सगळा भंगारात.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला किंवा माहितीपत्रकाला तीन गोष्टी विचारा. स्प्रिंग, बुश आणि पिना सुट्या मिळतात का? सांध्यांच्या पिना अ‍ॅलन बोल्टच्या आहेत की रिव्हेट मारून बंद केलेल्या? आणि खोलायला नेहमीची हत्यारं चालतात की कंपनीचं खास काही लागतं? तिन्ही उत्तरं मनासारखी असतील तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. रिव्हेटवाला मी घेत नाही, कितीही स्वस्त असला तरी.

चार सांध्यांच्या दांड्यांना निओप्रीनचं किंवा कापडी कव्हर मिळतं. ते घ्याच, मागच्या चाकाचा चिखल थेट सांध्यात जायचा थांबतो. पण कव्हर घातलं म्हणजे काम संपलं असं नाही. खारं पाणी आत गेलं तर कव्हरच ते धरून ठेवतं. धोपाव्याहून दाभोळला किंवा तवसाळहून जयगडला फेरीबोटीने गेलात आणि वारा अंगावर असला, की घरी आल्यावर कव्हर काढायचं, गोड्या पाण्याने दांडा धुवायचा आणि वाळल्यावरच कव्हर घालायचं. धुताना बादली आणि फडकं. गाडी धुवायचा प्रेशरचा पाइप सांध्यांवर धरलात तर पाणी बुशच्या आत शिरतं आणि ग्रीस बाहेर येते.

वर्षातून दोनदा दांडा पूर्ण बाहेर काढा: एकदा आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सुमाराला. लोखंडी फ्रेम असेल तर हे टाळूच नका. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, लोखंडी ट्यूब आणि मधे खारं पाणी, एवढं जुळून आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरा थर फुगतो आणि दांडा ट्यूबमध्ये घट्ट बसतो. काढून, पुसून, ट्यूबच्या आतल्या भिंतीला आणि दांड्याला ग्रीसचा पातळ थर द्या. कार्बनचा दांडा किंवा कार्बनची फ्रेम असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी दाणेदार पेस्ट येते.

स्प्रिंगेला आणि धातूच्या सांध्यांना बेअरिंगची लिथियम ग्रीस चालते, आमच्या पंपांना मी तीच घालतो. रबराच्या गट्टूला मात्र ती लावू नका. पेट्रोल, रॉकेल, डिझेल तर अजिबात नाही, रबर फुगून मऊ पडतं. गट्टू साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि लावायचीच तर सिलिकॉनची ग्रीस. खोबरेल तेलही नको. घरात मुबलक असतं म्हणून लोक ते बिजागरीपासून साखळीपर्यंत सगळीकडे घालतात, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. पौषातल्या पहाटे सायकल काढाल तेव्हा सांध्यात तूप झालेलं असेल, आणि उन्हाळ्यात त्याला धूळ चिकटेल.

बसवताना

सीटची उंची ठरवताना अंगाचा भार धरून ठरवायची. नेहमीची पद्धत हीच: टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ. फरक एवढाच की बसल्यावर दांडा दहा मिलिमीटर दबणार असेल तर मोकळी सीट तेवढी वर ठेवायची. पहिल्या दिवशी पाय जमिनीला टेकवताना सीट उंच वाटते, ते साहजिक आहे.

चार सांध्यांच्या बऱ्याच दांड्यांत सीट जुन्यापेक्षा थोडी मागे जाते, शिवाय दबताना आणखी मागे. हँडल लांब गेल्यासारखं वाटलं तर सीट रेल्सवर पुढे घ्या. सीटच्या नाकाचा उतार बसल्यावरच तपासायचा, दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगून. मोकळी असताना सपाट दिसणारी सीट भार आल्यावर नाक वर किंवा खाली करू शकते.

क्लॅम्पवर तो किती आवळायचा ते न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेलं असतं, बहुधा ५ ते ७ च्या दरम्यान. टॉर्कचा पाना नसेल तर छोटी अ‍ॅलन की मधोमध धरून आवळा, टोकाला धरून नाही. पाइप लावून तर नाहीच.

कॅरिअर किंवा मुलाची सीट स्प्रिंगच्या दांड्यावर बांधू नका. फ्रेमला लागणारं कॅरिअर वेगळं, ते चालतं. सीटमागची मोठी लोंबती पिशवीही बघून लावा. सीट मागे-खाली आली की पिशवी टायरला किंवा सांध्याला घासते. आणि चालू सायकलीवर मागे हात घालून पिशवी चाचपू नका, पट्ट्यांमध्ये बोट सापडतं.

पैसे

नळीवाला साधा दांडा हजार-दोन हजारांच्या घरात येतो. बाजार, शाळा, दोन-चार किलोमीटरचा सपाट रस्ता एवढ्यासाठी तोही चालेल, फक्त सीटचं नाक धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. किंचित खेळ असतोच, पण टकटक आवाज येत असेल तर परत करा. चार सांध्यांच्यात एनसीएक्स मला पैशाला सगळ्यात परवडणारी वाटते. वजनाला जड आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण स्प्रिंगा सुट्या मिळतात आणि अ‍ॅलन कीने हात घालता येतो. थडबस्टर आणि शॉकस्टॉप अमेरिकेतच दोनशे डॉलरच्या आसपास जातात, वर आयातीचा खर्च. रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याने त्यांचा विचार करावा, महिन्यातून दोनदा सायकल काढणाऱ्याने करू नये.

मागवताना दांड्याबरोबरच एक जास्तीची स्प्रिंग किंवा गट्टू, कव्हर आणि शिम लागणार असेल तर तीही त्याच पार्सलमध्ये मागवा. नंतर एकटी शिम मागवलीत तर कुरिअरचा खर्च शिमेपेक्षा जास्त होतो. पार्सल आलं की माहितीपत्रक टाकून देऊ नका, सुट्या भागांचे नंबर त्यातच असतात. दांडा बसवल्यावर क्लॅम्पच्या कडेला दांड्यावर मार्करने एक बारीक रेघ मारून ठेवा. आठवड्याभराने रेघ क्लॅम्पमध्ये गेलेली दिसली तर दांडा घसरतोय. क्लॅम्प आणि वरचे दोन्ही बोल्ट पुन्हा तपासा.